पारखीला ऐकू आलेलं घर

निकाल सकाळी लागला. शरयू देवडीकरला सातारच्या अरुंधती अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. तिच्या मैत्रिणीला, तबस्सुम अत्तारला, नव्हता. शरयूला अर्धंअधिक भौतिकशास्त्र तबस्सुमनंच शिकवलं होतं.

"आई, तू कुणाला फोन केला होतास?" शरयूनं विचारलं.

वैजयंती कणीक मळत होती. ती याच महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेली, आता माजी विद्यार्थी संघाची कार्यवाह. "फोन करून काय होणार? पारखीला नाव कळत नाही की आडनाव."

ते खरं होतं. वशिला नको म्हणूनच काही वर्षांपूर्वी महाविद्यालयानं 'पारखी' आणली होती. मुलाखत घेणारी ही संगणकप्रणाली उमेदवाराचं नाव, गाव, चेहरा सगळं झाकून टाकी, आवाजही बदलून घेई आणि फक्त उत्तरं ऐकून गुण देई. तरीही माजी विद्यार्थ्यांचीच मुलं जास्त दिसत होती. हुशार घरांतली मुलं हुशारच असणार, असं सगळे म्हणत.

शरयूची शंका जाईना. दुपारी ती तबस्सुमला घेऊन थेट हेमंत भागवतांकडे गेली. पारखीची देखभाल त्यांच्याकडे होती आणि ते वैजयंतीच्या वर्गातले. मागोमाग वैजयंतीही आली.

"सरावाची मुलाखत कुणालाही देता येते," भागवत म्हणाले. "द्या दोघी. प्रश्न एकच ठेवतो."

पुलाच्या दोन भागांमध्ये फट का ठेवतात, असं पारखीनं विचारलं.

"उन्हानं पूल प्रसरण पावतो," तबस्सुम म्हणाली. "जागा नसेल तर भाग एकमेकांना रेटतात आणि तडे जातात."

पडद्यावर एकसष्ट गुण उमटले.

शरयूनं मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचं ठरवलं. "समजा, फट ठेवलीच नाही. मग आधी काय बिघडेल? पावसाचं पाणी साचेल. म्हणजे फट पाणी जायला असावी."

अठ्ठ्याहत्तर.

तबस्सुम पडद्याकडे बघत राहिली. "काकू, तिचं उत्तर चुकलंय ना?"

"चुकलंय," वैजयंती हळूच म्हणाली.

भागवतांनी चष्मा काढून पुसला. "पारखीला आम्ही इथल्या यशस्वी विद्यार्थ्यांच्या मुलाखती ऐकवून शिकवलं. आमचे एक जुने प्राध्यापक प्रत्येक गोष्ट 'समजा, हे नसतं तर' अशी सुरू करायचे. आम्ही त्यांच्यासारखं बोलायला लागलो, घरी मुलांशीही तसंच बोलतो. पारखीला उत्तरापेक्षा ती ढब आधी ऐकू येते."

"म्हणजे नाव झाकलं, पण घर ऐकू येतं," तबस्सुम म्हणाली.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे, काका?" शरयूनं विचारलं.

"शंका होती." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. त्यांची दोन्ही मुलं पारखीनंच निवडली होती, हे शरयूला ठाऊक होतं. "समितीपुढे ठेवीन."

"समितीत कोण आहे?"

वैजयंतीनं नजर खिडकीकडे वळवली. समितीतले सगळेच इथे शिकलेले होते.

"प्रवेशाची दुसरी फेरी आहे ना?" तबस्सुमनं विचारलं. "मग मी समितीची वाट बघत नाही." ती पुन्हा खुर्चीत बसली. "समजा, फट नसती, तर उन्हात पूल कुठे गेला असता?" आणि मघाचंच उत्तर तिनं शांतपणे या वळणानं सांगितलं.

ब्याण्णव.

कुणीच हसलं नाही. तबस्सुमनं ओढणी सावरली. "मिळेल प्रवेश. पण माझ्यासारखं बोलणाऱ्या पुढच्या मुलीला हे कोण सांगणार?" एवढं बोलून ती निघून गेली.

परतताना शरयू आईपासून थोडं अंतर ठेवून चालत होती. पारखी आली त्याच वर्षी आईनं जेवताना एक नवा खेळ सुरू केला होता. पंखा नसता तर, मीठ नसतं तर, रस्ते नसते तर. शरयूला तो फार आवडायचा.

फाटकापाशी ती थांबली.

"आई, तो खेळ तू माझ्यासाठी सुरू केलास, की पारखीसाठी?"