वरच्या वॉर्डाची नळी

बसा दादा. कंदील जरा तुमच्याकडे सरकवतो. सकाळी तुमची गाडी सगळ्यांना घेऊन निघायची आहे, त्याआधी एवढं ऐकून घ्या.

या दवाखान्यात मी ऑक्सिजनवाला. रिकामा सिलिंडर पान्यानं काढायचा, भरलेला लावायचा. तीस वर्षं तेच केलं. या खोलीतून दोन नळ्या निघतात, एक तळघरात जाते, एक वरच्या वॉर्डात. लढाईत वीज गेली, फोन गेले, तेव्हा वरच्या मोठ्या सिस्टरनी एक पद्धत घालून दिली. ऑक्सिजन कमी पडला की त्या कात्रीनं नळीवर तीन ठोके मारायच्या. मी खालून पान्यानं एक मारायचा, म्हणजे ऐकलं.

"मामा, बायकोच्या हाकेला कधी इतक्या लवकर ओ दिलीत का?" त्या विचारायच्या.

"तिच्या हातात कात्री नसायची," मी म्हणायचो.

गच्चीवर केवढं तरी लाल चिन्ह रंगवलं होतं. दवाखाना कुठे आहे, हे दोन्ही सैन्यांना कळवलं होतं. तरी मागच्या सोमवारी, भर दुपारी, तोफेचा गोळा नेमका वरच्या वॉर्डावर पडला. मोठ्या सिस्टर गेल्या. सहा रुग्ण गेले. माझी पोर तिथेच नर्स होती. तिला ढिगाऱ्यातून जिवंत काढली, पण छातीला मार बसला होता. तळघरात मास्क लावून ठेवली. वरच्या नळीचा कॉक मी माझ्या हातानं बंद केला.

गुरुवारी दुपारी शेवटचा सिलिंडर जोडला. नव्याचा पत्ता नव्हता. मी त्याच्या दाबाच्या काट्याकडे बघत बसलो. बाहेर रखरखीत ऊन, कुठे आवाज नाही. आणि वरच्या नळीवर... तीन ठोके.

मी डॉक्टरांकडे धावलो. ते नजर न उचलता म्हणाले, "मामा, वर कुणी नाही. नळी तुटलीय, मी पाहिलीय. वारा असेल."

वारा नव्हता, दादा.

मी वर गेलो. जळक्या गाद्यांचा आणि ओल्या चुन्याचा वास. धुळीवर एक ताजं पाऊल उमटलेलं नाही. तुटकी नळी भिंतीतून बाहेर आलेली. तिच्या तोंडाशी हात धरला. हवा हाताला लागली, ऊनऊन. मग आत ओढली गेली. मग पुन्हा बाहेर...

खाली आलो तर काटा भराभर उतरत होता. वरचा कॉक बंदच होता. मी आणखी आवळला. ठोके घाईचे झाले. तळघरातून डॉक्टर ओरडले, "मामा, पोरीचे ओठ निळे पडतायत!"

सिलिंडर कमी पडले की मोठ्या सिस्टर एकावर दोन-दोन, तीन-तीन रुग्ण जोडायच्या. म्हणायच्या, वाटून घ्यायचं, कुणाचं तोडायचं नाही. मला दुसरं काही सुचलं नाही. मी नळीला तोंड लावलं.

"सिस्टर, एकच उरलाय. माझी पोर आहे त्याच्यावर. तुमचं तोडत नाही... पण तिच्याशी वाटून घ्या."

वरचा कॉक उघडला आणि पान्यानं एक ठोका दिला.

ठोके थांबले. काटा शून्यावर टेकला. मी धावत जिना उतरलो. पोर शांत झोपली होती, ओठ गुलाबी. ती रात्र आणि पुढचा दिवस रिकाम्या सिलिंडरवर गेला. डॉक्टरांनी वरचा कॉक उघडा पाहिला आणि तसाच राहू दिला.

शनिवारी मास्क निघाला. "बाबा, भूक लागलीय," म्हणाली. मी तिथेच रडलो. डॉक्टर म्हणाले, आता तो वरचा कॉक बंद करून टाका. मी इथे येऊन अर्धाच फिरवला असेल, तळघरात ताट पडल्याचा आवाज झाला. पोर आडवी झाली होती. नाकाला काही लावलेलं नव्हतं, तरी ओठ निळे. मी कॉक परत उघडला, तशी उठून जेवायला लागली. चक्कर आली म्हणाली.

काल फाटकाकडे चालवून बघितली. निम्म्या अंगणातच खाली बसली, श्वास पुरेना. उचलून आत आणली तेव्हा सावरली.

उद्या दुपारनंतर इथे पुन्हा गोळे पडणार, म्हणून सगळ्यांना हलवायचंय. तिला गाडीत घालावं तर फाटक ओलांडणार नाही. ठेवावं तर... बापानं काय करावं, तुम्हीच सांगा.

ती झोपली की मी उशाशी बसून श्वास मोजतो. ते सगळे तिचे नाहीत, दादा. एक खोल येतो, एक घरघरता, एक अगदी लहान, लेकरासारखा. असे सात होतात, मोठ्या सिस्टर आणि ते सहा, मग आठवा तिचा येतो. बापाला तो ओळखू येतो.

आज संध्याकाळपासून आठवाही परकाच येतो. तिचा नववा येतो. तुम्ही फाटकातून आत आलात ना, तेव्हापासून.