नाव पुसलं तरी

जेवण आटोपून अजिनाथ खुलताबादला एका दुकानात कॅमेरे बसवायला गेला आणि रत्नमाला घरच्या संगणकासमोर बसली. काम साधंच होतं. एक फाईल पुसायची. चिकलठाण्याच्या कारखान्यात ती संगणकच सांभाळायची, असली कामं बोलता बोलता करायची.

फाईल रूपाची होती, अजिनाथच्या पहिल्या बायकोची. तीन वर्षांपूर्वी ती गेली, पण तिच्या गप्पांचं तासाभराचं रेकॉर्डिंग मुकुंदवाडीच्या या घरात मागं राहिलं. अजिनाथ रोज संध्याकाळी कानात इअरफोन घालून ते ऐकायचा आणि एकटाच हसायचा. रत्नमालाच्या कुठल्याच बोलण्यावर तो कधी तसा हसला नव्हता. जितीजागती सवत असती तर झिंज्या तरी धरता आल्या असत्या. मेलेलीशी भांडायचं कसं? रत्नमालाचा नुसता जळफळाट व्हायचा.

तिनं फाईल पुसली. यादीतून नाव गेलं. डिस्कवरची जागा मात्र मोकळी झाली नाही.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. या संगणकावरच्या लिनक्स प्रणालीत एखादा चालू प्रोग्राम फाईल धरून बसला असेल, तर पुसल्यावर नुसतं नाव जातं. फाईल जिवंत राहते. कोणी धरलीय ते विचारायला तिनं एलएसओएफ ही कमांड दिली. एकच ओळ आली. प्रोग्रामचा नंबर, फाईलपुढं ‘डिलीटेड’ असा शेरा, आणि प्रोग्राम चालवणाऱ्याचं नाव: रूपा.

संगणकावरचं रूपाचं खातं तर लग्नानंतर आठवड्याभरातच रत्नमालानं स्वतःच्या हातानं काढून टाकलं होतं.

पंखा फिरत होता, तरी खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास दाटत चालला.

"आत्याबाई... डोक्याला तेल लावलं का तुम्ही?"

"नाय गं," बाहेरच्या पायरीवरून सासूबाई, गीताबाई, म्हणाल्या. "ते रूपा लावायची... लई डोकं दुखायचं तिचं."

रत्नमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेली तरी मूठ सोडवत नाही हिला! तिनं तो प्रोग्राम मारला. ओळ गेली आणि नव्या नंबरानं परत आली. तिनं पुन्हा मारला. या खेपेला ओळ आली नाही. जागा मोकळी झाली, वासही विरला.

"सुटले एकदाची..." ती पुटपुटली. तिला खरोखर आनंद झाला.

खात्रीसाठी तिनं तीच कमांड पुन्हा दिली.

ओळ होती. चालवणारी रूपाच. फाईल मात्र वेगळी, नाव ‘रत्नमाला’. असली फाईल तिनं कधी बनवलीच नव्हती. पुन्हा पाहिलं तर आकार वाढलेला. श्वास रोखून पाहिलं, तेवढाच. श्वास सोडला, तसा परत वाढला. आणि मग फाईलच्या नावापुढं तोच शेरा उमटला... ‘डिलीटेड’.

"रूपा," पायरीवरून गीताबाईंनी अगदी सहज हाक मारली, "चहा टाक गं."

"आत्याबाई, मी... मी..." तिला आपलं नाव सांगायचं होतं. ओठ हलले, पण नाव काही आठवेना.

"टाकते, आत्याबाई," स्वयंपाकघरातून कोणीतरी म्हणालं.