मागचे दोन स्पीकर

स्पीकर चांगले आहेत, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्यात काही खोट नाही. खोक्यांत नीट बांधले आहेत, वायरी वेगळ्या गुंडाळल्या आहेत. लावून दाखवा म्हणाल तर लाइट गेली आहे, आणि असती तरी मी लावले नसते. घरी नेऊन तुम्हीच लावा. ही मेणबत्ती जरा तुमच्याकडे सरकवतो. चहा येतोच आहे. तोवर मी हे का विकतोय ते ऐकून घ्या, कारण नंतर तुम्ही फोन करून विचारत बसाल आणि मला हे फोनवर बोलायचं नाही.

सुरुवात आईच्या टीव्हीपासून झाली. आई म्हणजे देवकाबाई, सगळं गाव ओळखायचं तिला. कान पार गेले होते. टीव्ही नवा, चांगला मोठा, पण त्याचा आवाज म्हणजे डब्यात कोंडलेली माशी. आई सकाळपासून मालिका लावायची आणि आवाज चढवता येईल तितका चढवायची. जाहिरात आली की खिडक्या थरथरायच्या, आणि माणसं बोलायला लागली की तिला ढिम्म काही कळायचं नाही. "काय म्हटलं वं तिनं?" असं ती माझ्या बायकोला, अमिताला, विचारायची. अमिता हातातली भाजी टाकून सांगायला यायची, तोवर मालिकेतली सासू आणखी चार वाक्यं बोलून मोकळी. मग पुन्हा, "आता काय म्हटलं?" कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते तिनं तांदळाच्या डब्यात नेऊन ठेवलं. म्हणे, कानात भुंगा गुणगुणते. दिवसभर दुकानात बियाणं-खतं घेणाऱ्यांशी डोकं लावायचं आणि घरी येऊन हा तमाशा. मी अगदी वैतागून गेलो होतो.

म्हणून एका सकाळी पांढुर्ण्याच्या बाजारात गेलो, कुलदीपच्या दुकानात. तो टीव्ही-स्पीकर बसवून देतो.

"भाऊ, टीव्हीचा आवाज मांगून निंघते अन् भिंतीले धडकते," तो म्हणाला. "मायले बोलणं समजन कसं? समोर दोन लावू, मधात एक, मांगं दोन. मधातला निरा बोलण्यासाठीच राह्यते. बघा मंग, माय स्वतःच म्हणन आवाज कमी कर."

खरं सांगायचं तर आईचं निमित्त होतं, हौस माझीही होती. सिनेमात पाऊस पडला की आपल्या पाठीमागे पडावा, जुनं गाणं लागलं की तबला समोर बसल्यासारखा वाजावा, असं फार वर्षं मनात होतं. घेऊन टाकले.

बसवल्यावर बघतो तर वेगळीच कटकट. आमचा हॉल हा असा. खाली टाइल्स, समोर काच, बाकी सिमेंट. प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून परत येत होता. एक माणूस बोलला की तीन बोलल्यासारखे वाटायचे. आई म्हणाली, "अजून कमीच समजून राहिलं गा." कुलदीप डोकं खाजवत म्हणाला, खोली गुंजून राहिली, भिंतींना फोम लावावा लागेल, नागपूरहून मागवतो, वेळ लागेल.

तिथं माझं टाळकं सरकलं. कापूस पिकवणाऱ्याच्या घरात भिंतीला लावायला फोम विकत आणायचा?

मागच्या खोलीत आमचा कापूस भरलेला असतो, भाव येईपर्यंत. त्या आठवड्यात सगळा गाडीत भरून गेला होता. कोपऱ्यात फक्त एक मोठं गाठोडं उरलं होतं, पांढऱ्या धोतरात बांधलेलं. तो पहिल्या वेच्याचा कापूस. इकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात ते तुम्हाला माहीत असेल. बाया धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, दगड मांडतात, दहीभात ठेवतात आणि मग वेचायला लागतात. आमच्या घरात त्यापुढे आणखी एक रीत. त्या दिवशीचा कापूस आम्ही विकत नाही, वापरतही नाही. आमच्या वावरात ज्या बायांनी कधीकाळी वेचलं आणि आता ज्या राहिल्या नाहीत, त्यांचा तो वाटा. वर्षभर घरात जपायचा आणि पुढच्या पेरणीआधी धुऱ्यावर नेऊन सोडायचा. आई स्वतः लग्न होऊन आली तेव्हापासून त्या बायांच्या बरोबरीनं वेचत आली होती, त्यामुळे हे सगळं तीच बघायची.

मी गाठोडं ओढायला लागलो तर ती दारात उभी.

"हेमराज, थो कापूस आपला नोहे."

"कोणाचा हाय मंग? घ्यायले येऊन राहिलं का कोणी?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली.

पोत्यांत भरून तो कापूस मी हॉलच्या तीन भिंतींना लावला. अमितानं वरून जुन्या साड्या टाकल्या. बरी दिसत होती खोली. मधोमध उभं राहून टाळी वाजवली तर आवाज हातातच विझला. रस्त्यावरच्या ट्रकचाही आवाज येईना. कुलदीप म्हणाला, "काय दिमाग लावला भाऊ!" मी मिशीवर ताव दिला.

मग मालिका लावली. आवाज निम्म्याहूनही कमी होता. आई टीव्हीकडे बघत बसली होती आणि एकदम हसली. कोणीतरी विनोद केला होता आणि तो तिला, कोणी न सांगता, कळला होता. कित्येक वर्षांनी. अमितानं माझ्याकडे बघितलं. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज वाटत नाही. मला वाटलं, आई मला परत मिळाली.

चार दिवस फार सुखाचे गेले. मग ती मान वळवायला लागली.

मालिका बघताबघता मध्येच मागे बघायची. मी समजावलं, "माय, मांगच्या डब्यातून आवाज येते. थो सिनेमातलाच राह्यते." ती मान डोलवायची आणि पुन्हा मागे बघायची. बातम्या लागल्या तरी तेच. आता बातम्या सांगणारा एकटा माणूस समोर बसून बोलतो, त्याचा आवाज मागून कशाला येईल? मी कान लावले. मागचे दोन्ही स्पीकर गप्प. कुलदीपला बोलावलं. त्यानं वायरी बदलल्या, स्पीकर बदलून बघितले, शेवटी मागच्या दोघांची वायरच काढून टाकली. "आता तं तोंडच बंद केलं याह्यचं," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी आई पुन्हा मागे वळून बसलेली. टीव्ही बंद होता.

"काय ऐकून राहिली माय?"

"पार्बता बोलून राहिली."

पार्बताबाई आईच्या जोडीनं वेचायची. दोघींची पात नेहमी शेजारी असायची, म्हणजे वेचायला वाटून घेतलेल्या ओळी. पार्बताबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"काय म्हणते?" मी विचारलं, रागानंच.

"म्हणते, देवका, तुही पात मांगं राहिली. ये लवकर." आई अगदी सहज सांगत होती. "मी ओ नाही देल्ली अजून."

अजून! तुम्हाला माहीतच आहे, ओ द्यायची नसते. अशी हाक आली तर जीभ दाताखाली धरायची, हे लहानपणी आईनंच शिकवलं होतं मला. ओ दिली की माणूस त्यांच्या मागे जातं. पण मला भीती नाही वाटली, संताप आला. बाजूला उभं राहून ओरडलं तर हिला ऐकू येत नाही, आणि मेलेली बाई कुजबुजली की लगेच ऐकू येतं! मी तिला तसं बोललोसुद्धा. अमिता मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"तो कापूस धुऱ्यावर सोडून या ना. कशाला हट्ट?"

"अन् पुन्हा खोली गुंजली तं? पुन्हा 'काय म्हटलं, काय म्हटलं'? तू सांगत बसशील?"

"बसीन," ती म्हणाली.

मी ऐकलं नाही. सौंसरला कान तपासायचं शिबिर होतं, तिथं आईला घेऊन जा म्हणालो. कानात काहीतरी बिघाड असणार, डॉक्टर सांगेल, मग दोघींचं समाधान होईल. दुसऱ्या दिवशी जेवण करून दोघी बसनं गेल्या. मी दुकान बंद ठेवलं आणि या सोफ्यावर येऊन बसलो. म्हटलं, आज काय तो निकाल लावू.

भर दुपार होती. लाइट गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला. आणि मग अशी शांतता आली की काय सांगू... स्वतःच्या छातीतलं ऐकू येत होतं. कापूस बाहेरचं काही आत येऊ देत नव्हता. मी बसलो. घाम आला. मनात म्हटलं, बघ, काही नाही, उगाच सगळ्यांनी डोकं खाल्लं.

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. चट्... मग थांबून, चट्... चट्. मी तो ओळखला. बोंडातून कापूस ओढला की कवच असं वाजतं. मग कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या अंगाला घासल्याची खसखस. उजव्या कोपऱ्यातून ती हळूहळू डावीकडे सरकत होती... एक नाही, पाच-सहा जणी असतील, ओळीनं. सकाळच्या दहिवराचा ओला वास आला, आणि तंबाखूचा. मान वळवायची माझी हिंमत झाली नाही. समोरच्या बंद टीव्हीच्या काचेत मागची पोती दिसत होती. तिथं कोणी नव्हतं.

आवाज माझ्या पाठीशी येऊन थांबला. अगदी कानाजवळ एक बाई म्हणाली, हळू, आपल्या घरातल्यासारखी...

"हेमराज... तुही माय कुठी हाय रे?"

दिवसभर दुकानात लोक मला काहीबाही विचारतात आणि मी मान वर न करता उत्तर देत असतो. बियाणं कुठे, गाडी कुठे, आई कशी आहे. तोंडाला सवयच ती. त्यात इतक्या दिवसांचा वैताग.

"सौंसरले गेली ना," मी म्हणालो.

बोललो आणि मग लक्षात आलं. मी ओ दिली नव्हती. मी पत्ता दिला होता.

खसखस थांबली. वासही गेला. मी फोनकडे धावलो. अमिता उचलत नव्हती. पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी तिचाच आला. ती रडत होती.

आई बाकावर बसली होती, नंबर यायचा होता. एकदम ताठ झाली. म्हणाली, "ओ... आली वं, आली." पदर कमरेला खोचला, वेचायला जाताना खोचायची तसा, आणि झपाझप दाराकडे चालायला लागली. गुडघे दुखतात म्हणून धरून चालणारी माझी आई. उंबऱ्यावर खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पडलं असेल. अमितानं मला कधी काही विचारलं नाही, आणि मी काय सांगितलं होतं ते तिला अजून माहीत नाही.

कापूस मी आईचे दिवस झाल्याबरोबर धुऱ्यावर नेऊन सोडला. पाया पडलो, नाक घासलं. पोती जाळली. स्पीकर काढून खोक्यांत भरले, तुम्हाला फोन केला. खोली आता पुन्हा गुंजते, ऐकताय ना माझा आवाज कसा येतोय? मी रोज दुपारी इथं येऊन बसतो. मूर्खपणा आहे, पण आईचा आवाज एकदा तरी ऐकू येईल असं वाटायचं. तिची माफी मागायची होती.

काल आला. मागूनच आला. दुसरीकडे कुठेही ऐकला असता तरी ओळखला असता मी तो.

"हेमराज... सून कुठी हाय रे?"

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. रक्त येईपर्यंत जीभ चावली. पण आतून, स्वयंपाकघरातून, अमिताच म्हणाली, "हे काय आई, इथंच तर आहे मी."

मी धावत गेलो. ती पोळ्या लाटत होती. मी विचारलं, कोणाशी बोललीस? तर म्हणाली, कोणाशी म्हणजे? आणि मग तिचा चेहरा बदलला.

तेव्हापासून मी तिला थोड्या थोड्या वेळानं हाक मारतो. ती चिडते, म्हणते, काय कटकट लावली आहे सकाळपासून. चिडू दे. चिडली म्हणजे आहे. आत्ताही ती आत चहाच ठेवते आहे, पण फार वेळ लागला नाही का? थांबा जरा.

अमिता!

...

ऐकलंत? तिनं ओ दिली. दिली ना? मग असं का बघताय माझ्याकडे... एकीनंच दिली ना? अहो बोला ना काहीतरी, एकीनंच दिली ना?