यादीतला चारचा आकडा

देवाशप्पथ खरं सांगतेय! यातला एक शब्द खोटा निघाला तर उद्या सकाळी माझी कवळी सापडू नये... आता ऐका.

सांता क्लारातल्या त्या रामेनच्या, म्हणजे जपानी नूडल्सच्या, दुकानाबाहेर शनिवारी दुपारी एवढी रांग, एवढी रांग, की तिचं शेपूट पार फ्रीवेवर गेलेलं आणि गाड्या हॉर्न देत होत्या. आत, काचेमागे, कोपरापर्यंत पिठात हात घालून आपली अस्मिता नूडल्सच्या पिठाचा गोळा मळत होती, आणि मळता मळता ती एकदम थिजली... काचेपलीकडे, रांगेत, तिचे बाबा, संजीव, उभे होते!

चौदा महिने! चौदा महिन्यांत बाबांचा साधा आवाज तिच्या कानावर पडला नव्हता. केस किती पांढरे झाले यांचे... शेजारी आई, रुपाली, आणि दोघांच्या मध्ये काठी टेकत आजी, सुमित्राबाई. अस्मिता इथे काम करते हे त्या घरात एकट्या आजीलाच ठाऊक. आज त्यांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं, आणि सकाळपासून एकच हट्ट, मला रामेन खायचंय.

"आई, तू मॅगीसुद्धा खात नाहीस!" संजीव म्हणाला होता.

"म्हणूनच म्हणते, आता खायचंच तर चांगलं खाऊ दे."

आता या बापलेकीचं काय बिनसलं होतं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी फ्रीमाँटच्या टाउनहाउसच्या जिन्यावरून सुमित्राबाई पडल्या, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण दिवसा एकटं ठेवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. संजीव आणि रुपाली, दोघांची ऑफिसं, रजा संपलेल्या... डायनिंग टेबलावर नर्सिंग होमचे फॉर्म येऊन पडले, आणि आजी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तेवढ्यात न्यूयॉर्कला मास्टर्सच्या शेवटच्या वर्षाला असलेली अस्मिता बॅग घेऊन दारात हजर! "आमचं या वर्षी सगळं ऑनलाइन आहे," म्हणाली.

साफ खोटं! सात महिने तिनं आजीला उठवलं, न्हाऊमाखू घातलं, रोज सकाळी दहाला आणि दुपारी तीनला हाताला धरून हॉलमध्ये चालवलं. कंटाळा आला की दोघी पाटावर शेवया वळत बसायच्या. "बोटं हलकी ठेव गं, पीठ रुसतं!" आजी म्हणायची. लॅपटॉप उघडायचा तो संध्याकाळी आईबाबा आले, गॅरेजचं दार वाजलं की.

मग युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. अस्मिताचं नाव काढून टाकलं होतं.

"सात महिने लॅपटॉपसमोर बसून टाइमपास केलास?" संजीव कडाडला. "मला तुझं तोंडसुद्धा बघायचं नाही!"

एक वाक्य पुरलं असतं, एकच! पण आपल्या आईच्या आजारपणात लेकीचं शिक्षण गेलं हे बाबांना कळलं तर ते स्वतःला कधी क्षमा करणार नाहीत... म्हणून त्या पोरीनं सरळ बॅग भरायला घेतली. आजीनं तोंड उघडलं तर तिला बाजूला नेऊन म्हणाली, "माझ्या गळ्याची शपथ आजी, तू एक अक्षर बोलायचं नाहीस!"

तर दीड तासानं नावं पुकारणारी यादीवाली मुलगी बाहेर आली. दुकानाचा नियम कडक. पार्टीतली, म्हणजे एका टेबलावरची, सगळी माणसं आल्याशिवाय कुणालाच आत बसवत नाहीत. आणि त्या बिचारीनं गडबडीत तीनऐवजी चार लिहिलेलं.

"संजीव, पार्टी ऑफ फोर? चौघं आलेत?"

"नो, थ्री. आम्ही तीनच आहोत."

दार उघडंच होतं. ते 'तीनच' अस्मिताच्या काळजात आरपार गेलं...

मुलगी चारावर काट मारणार, तोच सुमित्राबाई गरजल्या, "थांब गं बाई! फोर! फोर्थ इनसाइड! सकाळी सहापासून आलीय!" आणि त्यांनी काठी उचलून काचेकडे दाखवली.

संजीवनं पाहिलं. चेहरा दगडासारखा झाला. "यासाठी आणलंस मला, आई? रुपाली, चल." आणि तो पार्किंगकडे वळला.

रुपाली हललीच नाही. काचेवर तळवा टेकून ती लेकीकडे बघत राहिली, डोळ्यांना नुसती धार लागली होती.

"संज्या!"

सुमित्राबाईंनी काठी टाकून दिली, आणि निघाल्या त्याच्या मागे... एकट्या! रांगेतली माणसं श्वास रोखून बघायला लागली. संजीव घाबरून वळला. त्याची नजर आधी आईच्या थरथरत्या पावलांकडे गेली, आणि मग तिच्या खांद्यावरून काचेकडे. आत अस्मिताचे ओठ हलत होते. पाऊल पडलं की आकडा. पाच... सहा... टाच आधी, आजी, टाच आधी... अगदी पावलाला पाऊल जुळवून!

आठव्या पावलाला तोल गेला. पण तोवर अस्मिता धावत बाहेर आली होती. तिनं आजीला कंबरेत असं धरलं, जसं फक्त रोजचा सराव असलेलं माणूस धरतं.

"शपथेपायी मी तोंड उघडणार नाही," सुमित्राबाई धापा टाकत म्हणाल्या, "पण या पायांनी काही शपथ घेतलेली नाही. विचार त्यांना, कुणी चालवलं."

"फिजिओथेरपिस्ट येत होता ना..."

"आला की, दोनदा! उरलेले दोनशे दिवस?"

संजीव लेकीकडे वळला. "अस्मि... ऑनलाइन नव्हतं?"

तिनं 'नाही' म्हणून मान हलवली.

"का नाही बोललीस गं मला?"

"तुम्हाला झोप लागली नसती, बाबा."

"चौदा महिने मला कुठे लागलीय..." तो म्हणाला, आणि एवढा मोठा सीनियर डायरेक्टर रस्त्यावर हुंदके देऊन रडला!

"बाबा, हात पिठाचे आहेत—" पण त्यानं ओढलंच तिला जवळ. त्याच्या निळ्या शर्टाच्या पाठीवर दहाच्या दहा पांढरी बोटं उमटली. दुकानाचे म्हातारे जपानी मालक बाहेर आले, त्यांनी स्वतः अस्मिताचा एप्रन सोडला आणि यादीवालीला म्हणाले, "फोर. फुल पार्टी."

मशरूमच्या रश्शातले वाफाळते वाडगे आले. जन्मभर 'आवाज न करता जेव' म्हणून पोराला चापट्या देणाऱ्या सुमित्राबाईंनी पहिलीच नूडल फुर्रर्र करून ओढली.

"ओढ, संज्या! इथे आवाज केलेला चालतो!"

"या तू केल्यास?" त्यानं लेकीला विचारलं.

"हो. अजून शिकतेय. दोन वर्षं तरी लागतील."

"शीक," तो म्हणाला. मग त्यानंही फुर्रकन ओढली. आणि नूडल एवढी लांब, एवढी लांब, की एक टोक त्याच्या ओठांत आणि दुसरं अजून अस्मिताच्या वाडग्यात!

आता एक कबूल करते, नाहीतर उद्या खरंच कवळी सापडायची नाही. त्या यादीवालीची काही चूक नव्हती हो. संजीव गाडी पार्क करत होता, रुपाली पाणी आणायला गेली होती, तेवढ्यात दाराशी ठेवलेल्या यादीत तो चारचा आकडा सुमित्राबाईंनीच लिहिला. बाकी सगळं खरं. फ्रीवेपर्यंतची रांगसुद्धा!

मला कसं ठाऊक म्हणता? अहो, पेन माझ्याच पर्समधलं होतं ना, आणि ती काठीसुद्धा माझीच!