नक्षीदार होस्टा

"ते नका घेऊ… पानं मोठी आहेत, पण मुळं कुजलीत."

चित्रकलेच्या बाईंनी हातातली कुंडी पटकन खाली ठेवली. नर्सरीवाल्याने दुसरी कुंडी उलटी करून रोप अलगद बाहेर काढलं. पांढरी, टणक मुळं. "होस्टा सावलीत छान जगतो, पण घेताना पानांना भुलू नये."

"आणि माणूस निवडताना?" ती बोलून गेली, आणि तिची तिलाच लाज वाटली.

तो नुसता हसला. गालावर मातीचा फराटा होता.

तिच्या घरामागे, भिंतीच्या सावलीत, कधी काही जगलंच नव्हतं. आता दर रविवारी तिथे एक होस्टा वाढू लागला. खताची पोती पोचवायला तो एकदा घरीही येऊन गेला. तिच्यासोबत राहणारी मावशी म्हणायची, "सगळी एकदम आण की गं. नर्सरी काय पळून चाललीय?"

सहाव्या रविवारी नर्सरीत एक टोपीवाली होती. लोकांच्या बागा सजवून देणारी. त्याला अरे-तुरे करत होती, खांद्यावरची काडीसुद्धा तिनेच झटकली.

"माझ्यासाठी वेगळं काढलंस ना रे?"

"काढलंय. मागे आहे."

चित्रकलेच्या बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या गुपचूप मागे गेल्या. शेडच्या भिंतीशी एकच कुंडी, पानांवर पिवळा रंग ओघळल्यासारखी नक्षी. म्हणजे हिला हे… आणि मला इतके आठवडे साधी हिरवी! गल्ल्यापाशी पैसे ठेवले, कुंडी उचलली आणि थेट घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो फाटकात उभा, धापा टाकत.

"ते मागचं रोप… लावलंत?"

"लावलं. का, टोपीवाली रुसली?"

"तिची रोपं शेडच्या आत होती हो. हे मी जाळायला ठेवलं होतं. ती नक्षी नाही, रोग आहे. कात्री लावलीत कुठे? तीच दुसऱ्या पानांना लागली तर सगळी बाग जाईल."

"नाही… नुसतं हातांनी लावलं."

त्याने ते भोवतालच्या मातीसकट उपसलं, पिशवीत बांधलं. बाकीच्या रोपांचं एकेक पान उलटून पाहिलं. सगळी ठणठणीत होती.

"विचारलं का नाहीत मला?"

"रागात होते."

"कुणाच्या?"

"टोपीच्या."

त्याला हसू आवरेना. मग पिशवीची गाठ घट्ट करत म्हणाला, "मी तुम्हाला निवडून धडधाकटच दिली… आणि एकावेळी एकच. सगळी दिली असती तर तुम्ही पुन्हा कशाला आला असतात?"

ती खड्ड्याकडे बघत राहिली. "आता इथे?"

"दोन-तीन वर्षं होस्टा नको. जागा तशीच राहू दे."

"म्हणजे रविवारी मी यायचं नाही…"

"रविवारी मी येईन. चालेल?"

आतून मावशीची हाक आली, "कोण आलंय गं?"

ती तांब्याने त्याच्या हातांवर पाणी ओतत होती. माती केव्हाच निघून गेली होती, तरी ओतत राहिली.

"आपल्याकडचंच आहे कुणीतरी," ती म्हणाली. "चहा टाक."