चौथ्या दिवसाचं आकाश

"आकाशात काय हरवलंय गं तुझं?"

पलीकडच्या गच्चीवरून आवाज आला आणि माझ्या हातातली कॉफी डचमळली. सांता लुचियाच्या सणाची पहाट, वाऱ्यानं कान झोंबत होते आणि मी आत्याची लोकरी शाल गुंडाळून, मान वर करून उभी! शेजारी नवे भाडेकरू आलेत हे मला माहीत होतं. त्यांच्यात असा कुरळ्या केसांचा मुलगा आहे, हे मात्र मेलं कुणीच सांगितलं नव्हतं.

"हरवलं काही नाही," मी ऐटीत म्हणाले. "जानेवारी बघतेय."

"डिसेंबरात?"

"तुमच्याकडे नाही बघत? आजपासून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत बारा दिवस, एकेक दिवस म्हणजे पुढच्या वर्षाचा एकेक महिना. आज ऊन, तर जानेवारी उन्हाचा."

"आणि या खात्याची मंत्री तू?"

होतेच मुळी! आमच्या ग्राविना गावात हे काम इंकोरोनाता आत्याचं. बदाम कधी झोडायचे, लग्नाचा मांडव कधी घालायचा... लोक तिला विचारून ठरवतात. यंदा तिचे गुडघे धरले, जिना चढवेना, म्हणून तिनं मला बोलावून सांगितलं, "मार्झिया, या वर्षी आकाश तुझ्याकडे." मी तर जमिनीच्या दोन बोटं वरूनच चालायला लागले होते.

त्या मुलाचं नाव साविनो. आईची बदली झाली म्हणून पार उत्तरेकडच्या बोलोन्याहून आलेला. दुसऱ्या दिवशीही तो गच्चीवर होता. तिसऱ्या दिवशीही. आणि चौथ्या दिवशी...

चौथ्या दिवशी मी गच्चीचं दार उघडलंच नाही. दाराच्या धुरकट काचेतून तो दिसला, दोरीवरच्या चादरी भराभर ओढत होता. ओले कुरळे केस कपाळाला चिकटलेले. एक चादर फडफडत त्याच्या डोक्यावरच बसली आणि तो आत धडपडायला लागला. मी तोंडावर हात ठेवून हसत होते, हसता हसता नुसतीच बघत होते... किती वेळ, कुणास ठाऊक!

"मार्झिया! एप्रिल कसा गं?" खालून आत्यानं हाक मारली. तिच्या खोलीतून समोरच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही.

"लख्ख ऊन, आत्या!" मी बेधडक सांगितलं. खरं तर मी आकाशाकडे पाहिलंच नव्हतं. पण मला तर सगळीकडे ऊनच वाटत होतं ना!

सुट्टीनंतर साविनो माझ्याच वर्गात आला. आमच्या टोळीनं वर्षभराच्या सहली ठरवायला घेतल्या, तेव्हा सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते. फेब्रुवारीला मी म्हटलं बर्फ, पोल्लिनोच्या डोंगरावर गुडघाभर बर्फ! मार्चला म्हटलं वारा, तर मुर्जाच्या माळावर टोळीतल्या मिकेलाची टोपी उडून मेंढ्यांत गेली. मग काय विचारता? चौकात लोक मला थांबवून हवामान विचारायला लागले.

राहिला ईस्टरनंतरचा सोमवार. त्या दिवशी आमच्याकडे घरी जेवणं म्हणजे आजारी असणं.

"मेतापोंतोच्या किनाऱ्यावर जाऊ," मी वर्गात जाहीर केलं. "एप्रिल लख्ख आहे."

"एप्रिलात समुद्र नको," साविनो हळूच म्हणाला. "तेव्हा माळावर जाऊ. तिथं मेंढवाड्यांना दगडी छपरं आहेत, आडोसा मिळेल. समुद्र मेअखेरीला ठेवू."

मला त्याचं म्हणणं पटत होतं. मनात कुणीतरी म्हणतही होतं, मार्झिया, गप्प बस. पण सगळे ऐकत होते...

"बोलोन्यात छत्र्या विकायचास का रे?" मी म्हटलं. "आमचं आकाश आम्हाला शिकवू नकोस, प्रोफेसर!"

सगळे खदाखदा हसले. साविनोनं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. कान लाल झाले त्याचे. तरी मी सगळ्यांबरोबर हसतच राहिले. शी! अजून ते हसू आठवलं की उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

सोमवारी किनाऱ्यावर शेगडी पेटली, सॉसेजचा वास सुटला, आणि समुद्रावरून काळं काहीतरी चालून आलं. आधी थेंब. मग सरी. मग चक्क गारा! शेगडी फुस्स करून विझली. बंद उपाहारगृहाच्या ओसरीत आम्ही कोंबड्यांसारखे दाटीवाटीनं उभे राहिलो, हातात कच्चे सॉसेज घेऊन.

"मंत्रीणबाई, हेच का लख्ख ऊन?" मिकेला बुटातलं पाणी ओतत म्हणाली. "गॉगल घालू का?"

"हिला काय बोलतेस?" मागून कुणीतरी म्हणालं. "हिच्या आत्याचंच खूळ. म्हातारीला काही कळेनासं झालंय. माझ्या बाबांना सांगते, यापुढे तिला विचारू नका."

भुईनं पोटात घ्यावं असं झालं मला. आत्या! तिचं कधी चुकलं नव्हतं. चुकले होते मी... नाही, चुकलेही नव्हते. खोटं बोलले होते.

"आत्याला बोलू नका," माझा आवाज चिरकला. "तिनं मला विश्वासानं आकाश दिलं होतं. चौथ्या दिवशी मी ते बघितलंच नाही. थाप मारली."



"बघितलं नाही? मग गच्चीवर जाऊन काय बघत होतीस?" मिकेलानं विचारलं.

गाल, कान, मान, सगळं तापलं माझं. तेवढ्यात साविनो पुढे झाला. "आमच्या मांजरीला," तो म्हणाला. "ती कठड्यावर चढली होती."

त्यांच्याकडे मांजर नाही! मी ज्याला सगळ्यांसमोर हसले, तो मला वाचवायला थाप मारत होता. आता मात्र लपणं शक्य नव्हतं.

"मांजर नाही," मी डोळे घट्ट मिटून म्हणाले. "याला बघत होते."

जो काही गलका झाला म्हणता! शिट्ट्या, टाळ्या... कुणीतरी कच्चं सॉसेज मला फुलासारखं अर्पण केलं. मी पळाले ती थेट ओसरीच्या टोकाला. तो मागोमाग आला.

"माफ कर," मी वाळूकडे बघत म्हणाले. "छत्र्यांचं बोलले ते. आत्यालाही आज सगळं सांगणार आहे."

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी पाऊस होता, मार्झिया. भुरभुर. म्हणून तर चादरी काढत होतो. काचेमागे तू दिसलीस."

"पण... तुझे केस ओले... मला वाटलं, नुकताच आंघोळ करून आलायस!"

तो इतका हसला की मीही हसले. लाज तशीच होती, पण आता ती एकटी नव्हती.

"मग वर्गात बोलला का नाहीस?"

"तू कुठं बघत होतीस, तेही सांगावं लागलं असतं." त्यानं भिजलेली बाही पिळली. "आणि ते मला माझ्यापाशीच ठेवायचं होतं..."

त्याचा गार हात माझ्या हाताला लागला आणि तिथंच राहिला. समुद्र अजून काळाच होता.

"बरं, मेअखेरीला येऊ इथं," तो म्हणाला. "दोघंच. पाचव्या दिवशी आकाश कसं होतं?"

मी खूप आठवून पाहिलं. खरंच, मनापासून.

"पाचव्या दिवशी..." मी म्हणाले, "तू निळा स्वेटर घातला होतास."