ऐरण गेली कुठे?

"हातोडा कुणीही चोरेल," बोका सफरचंद चावत म्हणाला, "पण ऐरण? ऐरण पळवणाऱ्याला आधी शाबासकी द्यायला हवी!"

"हळू बोल," खार कुजबुजली.

"मी हळूच बोलतोय! ओरडतोय तो भोंगा."

भोंग्याने अजून तोंडही उघडलं नव्हतं. पण कुठल्याही आवाजाचं खापर त्याच्यावर फोडायची घरात पद्धत होती.

टोपणनावांनीच ओळखली जाणारी ही तिन्ही भावंडं सुट्टीला मावशीकडे आली होती. मावशी शरीरविज्ञानाच्या संग्रहालयात मांडणी बघायची, त्यामुळे सुट्टी सांगाड्यांच्या सहवासात चालली होती. सांगाडे गप्प बसतात, हा त्यांचा भाच्यांपेक्षा मोठा गुण आहे, असं मावशीचं मत होतं.

संध्याकाळी तिथल्या नव्या 'कान दालना'चं उद्घाटन होतं. एका निवृत्त कानाच्या डॉक्टरांचा काल फोन आला होता, "दालनासाठी माझ्याकडचे हातोडा, ऐरण आणि रिकीब देतोय. गाडी पाठवा." फोन घेतला व्यवस्थापक साहेबांनी. साहेब आधी सिमेंटच्या कारखान्यात होते. शरीरविज्ञानाशी त्यांचा संबंध स्वतःच्या शरीरापुरताच. त्यांनी ऐरणीसाठी दणकट टेबल आणवलं आणि दोन हमाल सांगून ठेवले. मावशीला कळवलं नाही. जड सामानाचं बायकांना काय कळणार!

आज सकाळी मावशी छपाईखान्यात तक्ते आणायला गेली, आणि ड्रायव्हरकाका डॉक्टरांकडून रिकाम्या गाडीने परत आले.

"ऐरण कुठाय?" साहेब गरजले.

"जे दिलं ते तुमच्या हातात ठेवलं की, साहेब."

"ती खोकल्याच्या गोळ्यांची डबी? मला खोकला नाही!"

साहेबांनी डॉक्टरांना फोन लावला. कानाच्या डॉक्टरांना आता ऐकायला कमी येत असे, म्हणून ते स्वतःच मोठ्याने बोलत. त्यांचा आवाज फोनमधून उडी मारून थेट मुलांपर्यंत आला.

"हातोडा मिळाला नाही!"

"मिळाला? छान, छान!"

"नाही मिळाला! कुणाकडे दिलात?"

"तिन्ही ड्रायव्हरकडेच दिलीत. जपा हं, फार नाजूक आहेत!"

फोन बंद झाला. साहेब काकांकडे वळले. "संध्याकाळपर्यंत सामान आलं नाही, तर उद्यापासून तुम्ही येऊ नका."

काकांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. रोज मुलांना हॉर्न वाजवू देणारा तो माणूस आज मुलांकडेही बघेना.

"काका चोर नाहीत," भोंगा म्हणाला. त्याच्या मते तो पुटपुटला होता, पण वरच्या मजल्यावरच्या पहारेकऱ्याने "कोण चोर?" म्हणून विचारलं.

खार मात्र पेन्सिलीचं टोक कुरतडत उभी होती. विचार करताना ती असंच करायची. नाव त्यावरूनच पडलं होतं.

"नाजूक ऐरण," ती म्हणाली. "घणाचे घाव सोसते ती नाजूक कशी? आणि घोडा नसताना रिकीब कशाला? घोडेस्वाराचा पाय काय कानात अडकवायचाय?"

"मग?"

"सकाळी मावशी काय म्हणाली? जुने लोक शरीरात जे दिसलं त्याचंच नाव द्यायचे. डोळ्यात आपल्याला बाहुली दिसली, लॅटिन बोलणाऱ्यांनाही बाहुलीच दिसली."

"दंडात आपल्याला बेडकी दिसली," बोक्याला आठवलं, "त्यांना उंदीर!"

"आणि आपल्या माकडहाडात ग्रीक लोकांना कोकिळेची चोच!" भोंगा म्हणाला. "म्हणजे माणूस कसला, प्राणिसंग्रहालयच की!"

"मग हातोडा, ऐरण, रिकीब हीसुद्धा नावंच असतील! आणि दालन कशाचं आहे?"

तिघांनी एकदम आपापले कान धरले. सामुदायिक शिक्षा चालली असावी, असं हमालांना वाटलं.

भिंतीवर कानाचं मोठं चित्र होतंच. पडद्याच्या आत, एकाला एक लागून तीन हाडं. पहिलं हातोड्यासारखं, दुसरं ऐरणीसारखं, तिसरं थेट रिकिबीसारखं. खाली लिहिलं होतं : 'शरीरातील सर्वांत लहान हाडे. रिकीब तांदळाच्या दाण्याहूनही लहान.'

"डबी!" तिघं ओरडली. यावेळी भोंगा खरंच आघाडीवर होता.

पण डबी होती कुठे? साहेबांना आठवेना. "असल्या फालतू वस्तू मी लक्षात ठेवत नाही," ते म्हणाले. त्यांचे खिसे, खुर्ची, टोपलीसुद्धा शोधून झाली. बाहेर पाहुण्यांच्या खुर्च्या मांडायला सुरुवात झाली. काका अजून पायरीवरच होते.

बोक्याने हताश होऊन खिशातलं दुसरं सफरचंद ऐरणीसाठीच्या टेबलावर ठेवलं आणि त्याकडे बघतच राहिला.

"खारे, हे घरंगळत नाहीये!"

"मग खाऊन टाक."

"अगं, काल याच टेबलावरून माझं सफरचंद गडगडत गेलं होतं! टेबल डुगडुगत होतं!"

खार क्षणात टेबलाखाली शिरली. एका पायाखाली पत्र्याची चपटी डबी सरकवलेली होती. हमालांनी टेबल उचललं, तिने डबी ओढून अलगद उघडली. कापसावर तीन इवलीशी हाडं सुखरूप पहुडली होती. ऐरणीसाठी आणलेलं टेबल सकाळपासून ऐरणीवरच उभं होतं!

तेवढ्यात मावशी तक्ते घेऊन आली. डबीत बघून तिने डोळे विस्फारले, टेबलाकडे बघून मिटले. "साहेब, मला एका शब्दाने विचारलं असतंत तर!"

साहेबांचा चेहरा सिमेंटसारखा घट्ट झाला. पण मग ते स्वतः पायरीपर्यंत गेले आणि त्यांनी काकांच्या हातात किल्ली ठेवली. "माझं चुकलं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या सवयीचं नव्हतं, त्यामुळे जरा अडखळलं.

"चालायचंच, साहेब," काका म्हणाले. "पण हमालांना थांबवून ठेवा. डबी परत उचलायची झाली तर लागतील."

संध्याकाळी डॉक्टरांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला. "आयुष्यभर लोकांचे कान तपासले. पण ऐकलेल्या शब्दावर विचार करणारे असे सहा कान क्वचितच भेटले!"

एकच अडचण उरली. डबी काढल्यामुळे टेबल पुन्हा डुगडुगू लागलं होतं. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून आपलं आठ पानी भाषण काढलं, त्याच्या घड्या घातल्या आणि पायाखाली सरकवलं.

कार्यक्रम लवकर आटोपला. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या डॉक्टरांनी. भाषण फार सुरेख झालं, असं त्यांना वाटलं होतं.